मुलांचा ताण उतरला, पण कशाने?

आमच्या वस्तीतल्या विहारामागच्या खोलीत अभ्यासिका चालते. सकाळी सहाला कुलूप उघडते, रात्री अकराला लागते. दहावी-बारावीची मुले येतात, भरतीची तयारी करणारी येतात, आणि घरात एकच खोली म्हणून नुसते पुस्तक घेऊन शांत बसायला येणारीही असतात. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात या मुलांचे काहीतरी बिनसलेले आम्हाला दिसू लागले. कोणाला झोप नाही, कोणाचे पोट दुखते, कोणाला पेपरच्या आधी उलट्या होतात. एकीने तर सराव परीक्षेला बसायचेच नाही म्हणून दप्तर घरी टाकले.

आम्ही म्हणजे वस्तीतल्या आरोग्य गटाच्या सात जणी. एकीने जीएनएमचा डिप्लोमा करून बरीच वर्षे वॉर्डात काढलेली, दोघी आशाताई, एक अंगणवाडी सेविका, एक शिलाईकाम करणारी आणि दोन कॉलेजच्या मुली. आम्ही मुलांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून दोनदा एक तास. थोडा श्वासाचा सराव, थोडे मन मोकळे करणे, झोपेच्या वेळा, अभ्यासाचे वेळापत्रक.

वर्गाचा उपयोग होतो की नाही हे कळावे म्हणून पीएचक्यू-९ नावाचा फॉर्म घेतला. नैराश्याची लक्षणे पाहण्यासाठी तो अनेक देशांत वापरतात. २००१ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात नऊ प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढेच विचारतात. उत्तराला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २७. दहा किंवा जास्त गुण आले तर त्या माणसाची नीट तपासणी व्हायला हवी, असा संकेत आहे.

डिसेंबरात मुलांनी फॉर्म भरला. मार्चअखेर, पेपर संपल्यावर, पुन्हा भरला. बेरीज केली तर जवळजवळ सगळ्यांचे गुण खाली आलेले. आम्हाला किती आनंद झाला! एक अहवाल लिहिला, त्याला आलेख जोडला आणि हा वर्ग इतर वस्त्यांतही सुरू करावा म्हणून निधी मागायला निघालो. निघण्याआधी तो मानसशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकेला दाखवला. आम्ही त्यांना बाई म्हणतो. बाईंनी अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "सिस्टर, मुलांचा ताण उतरला हे मान्य. पण कशाने उतरला?"

बाईंचे पाच प्रश्न

त्या दिवशी बाईंनी पाच प्रश्न विचारले. आम्हाला एकाचेही उत्तर देता आले नाही. पण प्रत्येक प्रश्न वॉर्डातल्या कामाशी जोडून पाहिला, तेव्हा तो आमच्या ओळखीचाच निघाला.

पहिला प्रश्न: तुम्ही मोजले काय? अहवालात आम्ही ‘परीक्षेचा ताण’ म्हटले होते, फॉर्म मात्र नैराश्याची लक्षणे मोजतो. दोन्ही शेजारी-शेजारी राहतात, पण एक नव्हेत. थर्मामीटरने रक्तदाब मोजता येत नाही. जे मोजायचे तेच साधन मोजते का, याला संशोधनात वैधता म्हणतात.

दुसरा प्रश्न: कशाच्या तुलनेत उतरला? दुसरा फॉर्म पेपर संपल्यावर भरला होता. परीक्षा संपली की वर्गाला न आलेल्या मुलांचाही ताण उतरतोच. वर्ग न मिळालेला तसाच दुसरा गट आमच्याकडे नव्हता. अशा गटाला नियंत्रण गट म्हणतात. तो नसला तर बदल आपल्यामुळे झाला की काळामुळे, हे सांगता येत नाही.

तिसरा प्रश्न: मध्येच सोडून गेलेली मुले कुठे आहेत? जी शेवटपर्यंत आली त्यांचेच गुण आम्ही धरले. ज्यांना जास्त त्रास होता तीच कदाचित गळाली असतील. डॉक्टरांचे न ऐकता घरी निघून गेलेले पेशंट वगळून वॉर्डातले किती बरे झाले हे मोजावे, तसे हे झाले.

चौथा प्रश्न: मुले वर्गात आली केव्हा? सगळ्यात वाईट आठवड्यात. ताप १०३ वर गेला की माणूस दवाखान्यात येतो, नंतर तो पुष्कळदा आपोआपही उतरतो. टोकाला गेलेले मोजमाप पुढच्या वेळी सरासरीकडे सरकते. औषधाला त्याचे फुकटचे श्रेय मिळते.

पाचवा प्रश्न: फॉर्म कोणी भरून घेतला? आम्हीच. ज्या ताईंनी आठ आठवडे चहा दिला, त्याच समोर बसून विचारणार, "आता बरं वाटतंय ना?" मोठे डॉक्टर राउंडला आले की पेशंट "बरं आहे" म्हणतो. ते गेले की आम्हाला हळूच सांगतो, "सिस्टर, रात्रभर डोळा लागला नाही."

आम्ही निधी मागायला गेलो नाही. "अहवाल फेकून द्यायचा का?" असे एकीने रागाने विचारले. बाई म्हणाल्या, "फेकू नका. पुढचा चांगला कसा करायचा ते शिका. मी रविवारी मोकळी असते."

खेड्यातली सहा मुले आणि एक कोडे

पहिल्या रविवारी बाईंनी व्याख्या सांगितल्या नाहीत. एक प्रयोग सांगितला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक महिलांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत तो केला, आणि जागतिक बँकेने २००४ मध्ये तो शोधनिबंध म्हणून काढला. सहावी-सातवीतले ३२१ उच्चजातीय मुलगे आणि अनुसूचित जातीतले ३२१ मुलगे. काम एकच: कागदावरच्या भूलभुलैयातून पेन्सिलीने वाट काढायची. पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्या. साध्या प्रकारात सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया.

मुले सहा-सहाच्या गटात बसवली. काही गटांत जातीचा उच्चारच केला नाही. काही गटांत सुरुवातीला प्रत्येकाचे नाव, गाव, वडील-आजोबांचे नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कोडी तीच होती, वेळही तेवढाच होता.

जात उच्चारली नाही तिथे दोन्हीकडच्या मुलांनी सारखीच कोडी सोडवली. जात जाहीर केली तिथे मोठे अंतर पडले, अनुसूचित जातीतली मुले मागे पडली. आणखी एका प्रकारात बक्षिसाचा भाग माणसाच्या हातून काढून चिठ्ठीवर सोपवला. तिथे ते अंतर नाहीसे झाले. संशोधकांनी काढलेला अर्थ असा: आपल्या जातीकडे पाहून समोरचा आपल्याला न्याय देणार नाही, ही अपेक्षाच मुलाचा हात मागे ओढते.

हे ऐकून खोली शांत झाली. आमच्यातली अंगणवाडीची ताई म्हणाली, "हे तर आम्हाला शाळेतच कळलं होतं." बाई म्हणाल्या, "तुम्हाला कळलं होतं. पण ‘ही मुलं मुळातच अभ्यासात कच्ची’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायला काय होतं? या रचनेने ते उत्तर दिलं."

मग त्यांनी रचना उलगडून दाखवली. कोणते मूल कोणत्या गटात जाईल हे निवडीने ठरवले नव्हते, नशिबावर सोडले होते. त्यामुळे हुशार, आजारी, उपाशी, लाजाळू अशी सगळ्या प्रकारची मुले सगळ्या गटांत साधारण सारखी वाटली गेली. गटागटांत ठरवून केलेला फरक एवढाच की इथे जात वाचली, तिथे वाचली नाही. म्हणून निकालातल्या फरकाचे कारण त्या वाचनाकडे जाते. याला यादृच्छिक विभागणी म्हणतात. शब्द अवघड आहे, काम चिठ्ठ्या टाकण्याचे आहे. आणि ‘हुशारी’ असले धूसर काही न धरता ‘पंधरा मिनिटांत सुटलेली कोडी’ मोजली. कोणीही मोजली तरी तीच संख्या येईल.

या प्रयोगाच्या मर्यादाही बाईंनी आमच्याकडूनच काढून घेतल्या. त्यात मुली नव्हत्या. एकाच भागातली मुले होती. कोडे म्हणजे बारावीचा पेपर नव्हे. आणि एक प्रयोग कितीही पटला तरी तो पुन्हा करून पाहावा लागतो. २०१५ मध्ये संशोधकांच्या मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध अभ्यास पुन्हा केले. मूळच्या अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस परिणाम दिसला होता, फेरअभ्यासांत तो ३६ टक्क्यांतच दिसला. म्हणून जो अभ्यास आपल्या बाजूचा आहे, तो जास्त कडक नजरेने तपासायचा. विरोधक तो तपासणारच आहे.

प्रश्नानुसार रचना

पुढच्या रविवारी कळले की प्रत्येक प्रश्नाला प्रयोगच लागतो असे नाही.

‘कोणत्या समाजात मनाचा त्रास किती आहे?’ या प्रश्नाला सर्वेक्षण लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७-०८ च्या सुमारास महाराष्ट्रासह सहा राज्यांत प्रौढांची पाहणी केली होती. आशिष गुप्ता आणि डायान कॉफी यांनी ती आकडेवारी वापरून २०२० मध्ये दाखवले की दलित आणि मुस्लिम लोक स्वतःच्या मानसिक आरोग्याविषयी जे सांगतात ते उच्चजातीय हिंदूंपेक्षा वाईट आहे, आणि शिक्षण व मालमत्ता सारखी असलेल्यांची तुलना केली तरी अंतर उरते. सर्वेक्षण अंतर दाखवते. ते कशामुळे पडले याकडे फक्त बोट दाखवते. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही.

‘भेदभाव होतो का?’ असे थेट विचारले तर कोणी हो म्हणत नाही. तिथे वेगळी युक्ती लागते. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावे बदलली. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांनी निष्कर्ष दिला: उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. इथे कोणाच्या मनात डोकवावे लागले नाही, वागणूक मोजली.

आणि ‘या मुलीला नेमके काय होते?’ याला मुलाखत लागते. सावकाश, तिच्या शब्दांत. मुलाखतीने टक्केवारी मिळत नाही. पण सर्वेक्षणात कोणते प्रश्न विचारायला हवे होते, ते तिथेच कळते.

न वाचलेली खूण

तिसऱ्या रविवारी बाईंनी डिसेंबरातले मूळ फॉर्म मागितले. गुणांची नोंद कशी करायची ते शिकवायचे होते. फॉर्म चाळता चाळता त्या एका ठिकाणी थांबल्या. "ही मुलगी कुठे आहे?"

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जगणे नकोसे वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्या मुलीने तिथे खूण केली होती. आम्ही सगळ्यांची फक्त बेरीज केली होती. तिची बेरीज फार नव्हती. फॉर्म फाइलमध्ये गेला आणि चार महिने तिथेच राहिला. त्या चार महिन्यांत ती दर वर्गाला येत होती आणि सतरंज्या घालायला मदत करत होती.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. ती ठीक होती. बाहेर ओट्यावर बसून म्हणाली, "ताई, मी लिहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही वाचाल."

इतक्या वर्षांच्या नोकरीत वॉर्डातली एकही नाडी न लिहिता सोडली नव्हती, आणि इथे एका मुलीने लिहून दिलेले वाचले नव्हते. तिला आम्ही जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात नेले, घरच्यांशी तिला विचारून बोललो. आज ती बरी आहे, कॉलेजात आहे. हे तिच्या परवानगीने लिहिले आहे आणि छापण्याआधी तिला वाचून दाखवले आहे.

बाईंनी त्या दिवशी टस्कीगीची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १९३२ पासून ४० वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना आजार धड सांगितला नाही. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही, कारण आजार कसा वाढतो हे पाहायचे होते. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांतून हे बाहेर आले तेव्हा अभ्यास थांबला. त्या माणसांना घरून आणणारी, त्यांचा विश्वास सांभाळणारी युनिस रिव्हर्स ही परिचारिका त्यांच्याच समाजातली होती. हे ऐकून आमच्यातल्या नर्सने मान खाली घातली. आपल्या माणसाने विचारले म्हणून लोक खरे सांगतात. त्या विश्वासाचे ओझे आपल्यावर असते.

म्हणून आता आमचा पहिला नियम असा: ज्या उत्तरावर त्याच दिवशी काही करता येणार नाही, तो प्रश्न विचारायचा नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला विचारायचे तर पालकांची संमती हवी आणि मुलाचीही तयारी हवी. ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गाचा चहा आणि जागा तशीच मिळाली पाहिजे.

दुसऱ्या वर्षी

गेल्या वर्षी आम्ही अभ्यास पुन्हा केला. सुरुवात करण्याआधी एका कागदावर लिहिले: आमचा प्रश्न काय, मोजणार काय, आणि कोणता निकाल आला तर आम्ही चुकलो असे मानू. तो कागद बाईंकडे ठेवला, म्हणजे नंतर सोयीने बदलता येणार नाही.

नावे दिलेल्या मुलांच्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर टाकल्या. अर्ध्यांचा वर्ग ऑगस्टमध्ये, उरलेल्यांचा ऑक्टोबरमध्ये. वर्ग सगळ्यांनाच मिळाला, परीक्षेच्या आधी मिळाला, कोणी वंचित राहिले नाही. पहिला वर्ग संपला आणि दुसरा सुरू व्हायचा होता, त्या मधल्या आठवड्यात दोन्ही गटांनी फॉर्म भरला. तो घ्यायला शेजारच्या वस्तीतल्या कार्यकर्त्या आल्या. कोण कोणत्या गटातले हे त्यांना सांगितले नव्हते. नववा प्रश्न मात्र त्याच जागी, त्याच वेळी वाचला जात होता. ज्यांच्या उत्तरात धोका दिसला त्यांना चिठ्ठीत न धरता लगेच मदतीकडे नेले.

निकाल? दोन्ही गटांचे गुण उतरले. वर्ग झालेल्यांचे किंचित जास्त. पण मुले थोडी आहेत, आणि एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. वर्गामुळे नैराश्याची लक्षणे कमी होतात असे आम्ही सिद्ध करू शकलो नाही. अहवालात तसेच लिहिले. "असं लिहिलं तर पैसे कोण देणार?" असे गटात विचारले गेले. भांडणही झाले. शेवटी सगळ्यांनी सही केली.

या वेळी मुलाखतीही घेतल्या होत्या. त्यांत आम्ही न विचारलेली एक गोष्ट पुन्हा पुन्हा आली. शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्याने वाचतात. "या यादीतले उभे राहा," म्हणतात. मागून कोणीतरी हसते. एक मुलगा म्हणाला, "त्या दिवशी पुढचे तास डोक्यात काही शिरतच नाही." आम्हाला ती उत्तर प्रदेशातली सहा-सहाची बैठक आठवली.

आमच्या मुलाखतींनी हे सिद्ध होत नाही की यादी वाचल्याने आमच्या मुलांचे गुण कमी होतात. ते आम्ही म्हणतही नाही. पण फॉर्म प्रत्येकाच्या हातात वेगळा द्यायला एक पैसा लागत नाही, आणि अपमान थांबवायला आकडेवारीची वाट पाहावी लागत नाही. मुलांची नावे न सांगता आम्ही दोन शाळांत गेलो. एका शाळेत आता फॉर्म पाकिटातून देतात. दुसरीकडे "पाहू" म्हणाले. तिथे आम्ही पुन्हा जाणार आहोत.

दारात सर्वेक्षण आले तर

आपल्या वस्त्यांत सर्वेक्षणवाले खूप येतात. फॉर्म भरतात, फोटो काढतात, जातात. त्यांना हाकलू नका, पण बसवून विचारा: तुमचा प्रश्न काय आहे? आम्हालाच का निवडले? माझे नाव आणि उत्तर कुठे ठेवणार, कोण पाहणार? मी नाही म्हटले तर माझे काही अडणार आहे का? आणि निकाल आम्हाला केव्हा सांगायला येणार? चांगला संशोधक या प्रश्नांनी आनंदी होतो.

आणि आपल्या बारावी झालेल्या मुला-मुलींना मानसशास्त्र, आकडेशास्त्र शिकू द्या. ‘त्याला नोकरी कुठे आहे’ म्हणून अडवू नका. आपल्यावरचे अभ्यास पुष्कळ झाले, ते करणारे आपल्यातले अजून फार थोडे आहेत. आमच्या गटातल्या दोन कॉलेजच्या मुलींपैकी एकीने यंदा मानसशास्त्र घेतले आहे. पुढच्या अभ्यासाचा पहिला कागद तिनेच लिहिला आहे. रविवारी बाईंसमोर तो वाचायचा आहे आणि तिने आम्हाला आधीच बजावले आहे, "ताई, चुका काढा, कौतुक नको."

तुमच्या घरात कोणी फार गप्प झाले असेल, झोप-जेवण सुटले असेल, जगणे नको असे बोलून किंवा लिहून दाखवत असेल, तर ते त्याच दिवशी वाचा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो, मराठीतही बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात दाखवा. सोबत कोणी नसेल तर वस्तीतल्या आशाताईला हाक मारा.